कोजागिरीच्या संध्याकाळी आपल्या माथ्यावर दिसलेला गॅमा स्फोट, आणि औंढ्याचं लायगो

सेलूकर

नमस्कार मंडळी. औंढा नागनाथला लायगो मंजूर झाल्यापासून कॉलेजात पोरं एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायलेत, की सर हे गुरुत्वीय लहरींचं (अवकाशालाच बसणाऱ्या हेलकाव्यांचं) यंत्र लायगो आणि ते गॅमा किरणांचे स्फोट पकडणारे उपग्रह, यांचा एकमेकांशी संबंध काय. एका तासात उत्तर मावत नाही म्हणून धागा काढतोय. ज्याला जे माहीत आहे त्यानं भर घालावी.

सुरुवात एका तारखेपासून करतो. ९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी. आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटं झाली होती. नासाच्या फर्मी उपग्रहावरच्या डिटेक्टरांची गणती एकदम वाढली, थोडी खाली आली, आणि मग तीन-चार मिनिटांनी अशी उसळली की यंत्राला मोजता येईना, कारण फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, इतके एकावर एक आदळत होते की वेगळे करायला सवडच नव्हती. त्याचं नाव जीआरबी २२१००९ए (जीआरबी म्हणजे गॅमा-रे बर्स्ट, गॅमा किरणांचा स्फोट; पुढं वर्ष, महिना, दिवस, आणि त्या दिवसातला पहिला म्हणून ए). आजवर नोंदलेल्यांतला हा सगळ्यात तेजस्वी. असा स्फोट साधारण दहा हजार वर्षांत एकदा दिसावा असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडलाय.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हा स्फोट शर नावाच्या छोट्या तारकासमूहात दिसला. त्या जागेची क्रांती (म्हणजे आकाशातले अक्षांश) उत्तर १९.८ अंश, आणि जालना, संभाजीनगरचे अक्षांश जवळपास तेवढेच. म्हणजे आकाशातला तो बिंदू रोज आपल्या माथ्यावरून जातो. त्या वेळेचा नाक्षत्र काळ (ताऱ्यांच्या हिशोबानं चालणारं घड्याळ) काढून बघितला तर त्या मिनिटाला तो मुंबईच्या पश्चिमेला समुद्रावर बरोब्बर माथ्यावर होता, आणि आपल्याकडं माथ्यापासून चार-सहा अंश पश्चिमेला. हात लांब करून मूठ धरली तर तिच्या रुंदीपेक्षाही कमी! सुमारे दोनशे कोटी वर्षं प्रवास करून ते किरण मराठवाड्यावर उभे कोसळले आणि खाली कुणाला पत्ता नाही, कारण गॅमा किरण डोळ्याला दिसत नाहीत आणि हवेतून जमिनीपर्यंत पोचतही नाहीत. ते पकडायचे तर वरच जावं लागतं.

हळद_वसमत

सर वाचून अंगावर काटा आला. पण आधी हे सांगा, एवढं डोक्यावर होऊन आपल्याला काहीच कसं झालं नाही? आमच्याकडं दरसाली वीज पडून माणसं जातात जनावरं जातात, तेव्हा वरून काही येतंय म्हणलं की पहिलं तेच डोक्यात येतं. आणि हवेनं अडवलं म्हणता, पण वर गेल्यावर हवा तर विरळ होत जाती ना, मग अडवती कशी?

जिंतूरची_लेक

काका, काही झालं नाही आणि होण्यासारखं नव्हतंही. (मी सध्या पुण्यात एमएस्सी करायलेय, याच विषयाच्या आसपास.)

हवा विरळ आहे हे खरं, पण तिचे थर शंभरेक किलोमीटर वर गेलेत. आपल्या डोक्यावरची सगळी हवा वजनानं मोजली तर ती दहा मीटर खोल पाण्याएवढी भरते. गॅमा किरण यातून वाट काढू शकत नाहीत, वरच्या वरच अणूंना धडकून त्यांची ऊर्जा संपते. तरी या स्फोटाचा धक्का वातावरणाला लागला बरं का. आयनोस्फिअर, म्हणजे विद्युतभारित कणांचा जो वरचा थर आहे, तो काही तास विस्कटला होता. आणि तुम्ही विजेचं काढलंत म्हणून सांगते, विजा टिपण्यासाठी भारतात जी उपकरणं लावलेली आहेत त्यांच्यावरसुद्धा या स्फोटाची खूण उमटली. दोनशे कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या एका ताऱ्याची नोंद आपल्याकडच्या वीज मोजणाऱ्या यंत्रात! मला तर हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलंच नाही.

अजून एक. गडगडाटी ढगांतूनसुद्धा गॅमा किरणांची क्षणभराची चमक निघते, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी, आणि ती वर अवकाशात जाते. आकाशातले स्फोट मोजायला सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेनं ती पकडली, १९९४ साली तो पेपर आला. बघायला गेले दूरचं आणि सापडलं ते खालच्या ढगातलं.

लातूर_पॅटर्न

सर मी बारावीला आहे. दुर्बीण म्हणल्यावर आरसा किंवा भिंग आलंच, पण गॅमा किरण आरशावर परावर्तित होत नाहीत ना? मग दिशा कशी कळते, नुसती गणती वाढली म्हणजे कुठून आलं ते कसं सांगणार

सेलूकर

बाळा, प्रश्न अगदी नेमका विचारलास. सावकाश सांगतो.

फर्मीच्या जीबीएम या उपकरणात आरसा नाही, भिंग नाही. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांचे १२ डिटेक्टर उपग्रहावर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेत, शिवाय जास्त ऊर्जेसाठी बीजीओ नावाच्या दुसऱ्या स्फटिकाचे २. गॅमा फोटॉन स्फटिकात शिरला की आत बारीकसा उजेड पडतो, तो मागची नळी मोजते. ज्या डिटेक्टराचं तोंड स्फोटाकडं आहे त्याची गणती जास्त, जो तिरपा आहे त्याची कमी. बाराही आकडे शेजारी ठेवून दिशा काढायची. पण यात काही अंशांची चूक राहते, आणि काही अंश म्हणजे आकाशात हजारो आकाशगंगा. जीबीएमचा फायदा हा की पृथ्वीनं झाकलेला भाग सोडला तर बाकी सगळं आकाश त्याला एकदम दिसतं.

नेमकी जागा काढायचं काम २००४ च्या नोव्हेंबरात सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहाचं. त्याच्यावर शिशाच्या सुमारे ५२,००० छोट्या फरशा एका विशिष्ट विस्कळीत नक्षीत बसवलेल्या आहेत, काही जागा बंद, काही उघड्या. खाली ३२,७६८ डिटेक्टरांचा पत्रा. सकाळी ओसरीवर खिडकीच्या गजांची सावली पडते आणि सूर्य जसा सरकतो तशी तीही सरकते, त्या सावलीवरून तुला खिडकीकडं न बघता सूर्य कुठं आहे ते सांगता येईल. इथं हेच. नक्षी अशी निवडलेली असते की प्रत्येक दिशेची सावली दुसरीपेक्षा वेगळी पडावी. उपग्रहावरचा संगणक सावली ओळखतो, जागा काढतो, आणि मग अख्खा उपग्रह स्वतःहून त्या बाजूला वळतो. एक-दीड मिनिटात त्याची क्ष-किरण आणि अतिनील दुर्बीण स्फोटावर रोखलेली असते. जमिनीवरच्या माणसाला अजून फोनही गेलेला नसतो.

तरी कोजागिरीच्या त्या दिवशी काय झालं बघ. मुख्य स्फोट झाला तेव्हा स्विफ्टच्या आणि त्या जागेच्या मध्ये पृथ्वी होती. पुढं थेट ७ वाजून ४० मिनिटांनी त्यानं तो पाहिला, तोवर मागचा उजेडच उरला होता, आणि तोही इतका प्रखर की सुरुवातीला हा आपल्याच आकाशगंगेतला एखादा नवा स्रोत असावा असं वाटलं. फर्मीची नोंद शेजारी ठेवली तेव्हा दोन्ही एकच आहेत हे उमगलं. एक उपग्रह कितीही चांगला असला तरी पुरत नाही तो यासाठी.

अंबाजोगाईकर

हे पहिल्यांदा सापडले ते अणुबॉम्ब शोधायच्या नादात असं ऐकलं होतं, खरं आहे का ते?

सेलूकर

अगदी खरं. १९६३ च्या करारानं अवकाशात अणुचाचण्या करायला बंदी झाली, ती कुणी मोडतंय का यावर नजर ठेवायला अमेरिकेनं वेला नावाचे उपग्रह सोडले होते, लाखभर किलोमीटर उंचीवर. २ जुलै १९६७ ला त्यांना एक चमक दिसली जी बॉम्बची नव्हती. पुढं अजून मिळाल्या. क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी वेगवेगळ्या उपग्रहांवर चमक पोचायच्या वेळेतला फरक मोजला, त्यावरून ती पृथ्वीवरून आलेली नाही आणि सूर्यावरूनही नाही हे दाखवलं, आणि १९७३ साली असे १६ स्फोट जाहीर केले. वेळेतल्या फरकावरून दिशा काढायची ही युक्ती ध्यानात ठेवा, औंढ्याला तीच लागणार आहे.

त्यानंतर पंचवीसेक वर्षं कुणाला कळेना की हे जवळचे की लांबचे. कॉम्प्टन वेधशाळेच्या बॅट्सी उपकरणानं २,७०४ स्फोट नोंदले, ते आकाशात सगळीकडं सारखे पसरलेले, आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात कुठंही गर्दी नाही. यावरून लांबचे असावेत असा कल गेला, पण पक्कं झालं १९९७ ला. इटली-नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाला २८ फेब्रुवारीच्या स्फोटाचा मागं रेंगाळणारा क्ष-किरण उजेड सापडला, जागा नेमकी कळली, आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाचं अंतर मोजता आलं. अब्जावधी प्रकाशवर्षं.

उदगीरी

सगळे नासा नासा करायलेत, आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर कुणीच बोलंना म्हणून लिहितो. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, डिटेक्टरच्या बाजूनं सांगतो.

२८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्यावर सीझेडटीआय नावाचं यंत्र आहे, मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयुका आणि इतर संशोधन संस्थांनी मिळून केलेलं. कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या पाच मिलिमीटर जाड तुकड्यांचे ६४ मॉड्यूल, प्रत्येकात २५६ पिक्सेल, एक पिक्सेल साधारण अडीच मिलिमीटरचा. एकूण १६,३८४. म्हणजे बघा, हाताच्या नखाएवढ्या जागेत गॅमा फोटॉन कुठं पडला, किती ऊर्जेचा होता, कधी पडला हे सगळं वेगवेगळं लिहून ठेवणारं यंत्र.

हे मुळात समोरच्या थोड्याशा आकाशाचं चित्र काढायला केलेलं. पण किरणांची ऊर्जा १०० केईव्हीच्या (केईव्ही हे फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक) वर गेली की त्याच्या बाजूच्या भिंती किरणांना अडवू शकत नाहीत, मग कुठल्याही बाजूनं स्फोट झाला तरी तो कळतो. ६ ऑक्टोबर २०१५ ला यंत्र चालू केलं आणि पहिल्याच दिवशी जीआरबी १५१००६ए सापडला! तेव्हापासून सहाशेच्या वर झालेत.

आणि यातली खरी कमाल पुढं आहे. फोटॉन एका पिक्सेलमध्ये आदळतो, थोडी ऊर्जा तिथं टाकतो आणि उसळून शेजारच्या पिक्सेलमध्ये जातो. एकाच क्षणी दोन शेजारी पिक्सेल पेटले की समजायचं हा तसला. तो कुठल्या बाजूला उसळला याची हजारो फोटॉनांची नोंद केली की किरणांचं ध्रुवीकरण (त्यांची लहर कुठल्या दिशेत हलते ते) काढता येतं, कारण ध्रुवीकरणाच्या काटकोनात उसळायचं प्रमाण जास्त असतं. ध्रुवीकरणावरून तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज येतो. जगात हे मोजू शकणारी यंत्रं मोजकीच आहेत आणि त्यातलं एक आपलं आहे, हे आपल्या पोरांना माहीत नसावं याचं वाईट वाटतं.

आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं दक्ष नावाचा प्रस्तावही आहे. दोन उपग्रह, पृथ्वीच्या एकमेकांविरुद्ध बाजूंना. सरांनी स्विफ्टचं सांगितलं ना, मध्ये पृथ्वी आली म्हणून? तीच अडचण त्यानं जाते.

नांदेडी

सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. तरी मनातलं बोलतो, राग मानू नका. लायगोला २,६०० कोटी. आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया उन्हात उभ्या राहतात, शाळेत प्रयोगशाळेचं कपाट कुलूप लावून ठेवलेलं. विज्ञान नको असं माझं म्हणणं नाही. पण औंढ्याला यंत्र येणार आणि त्यावर काम करणारी माणसं पुण्या-मुंबईची, बंगलोरची, मग इथल्या पोराला काय? गेटवर वॉचमन?

जिंतूरची_लेक

दादा, राग कशाला येईल. माझ्या शाळेतही ते कपाट बंदच असायचं. मला भिंगाचा प्रयोग पहिल्यांदा हातानं करायला मिळाला तो पुण्यात आल्यावर. तुम्ही म्हणता ते दुखणं खरं आहे आणि त्याचं उत्तर लायगो नाही, पाण्याचंही नाही. पण हे दोन्ही एकमेकांच्या पुढ्यात उभं करू नका एवढंच म्हणेन.

सेलूकर

नांदेडी, तुमचा प्रश्न टाळून पुढं जाणार नाही, पण आधी लायगोचा संबंध सांगतो, मग तुमच्याकडं येतो.

१७ ऑगस्ट २०१७, आपल्याकडं संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. अमेरिकेतल्या लायगोला दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले अतिघट्ट गाभे) एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाल्याच्या लहरी मिळाल्या. त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मीला दोनेक सेकंदांचा एक बारका गॅमा स्फोट दिसला. बारका म्हणजे खरंच बारका, एकटा असता तर यादीत एक ओळ होऊन राहिला असता. पण दोन्ही मिळून इतिहास झाला, कारण छोटे गॅमा स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात ही वर्षानुवर्षांची अटकळ त्या १.७ सेकंदांनी पक्की केली.

आता जागा बघा. फर्मीनं एकट्यानं जो भाग दाखवला तो अकराशे चौरस अंशांच्या आसपास. दोन लायगो आणि इटलीचं व्हर्गो यांनी मिळून तो २८ चौरस अंशांवर आणला. तेवढ्या तुकड्यात दुर्बिणींना शोधता आलं, आणि अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ आकाशगंगेत नवा ठिपका सापडला. पुढं आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही त्याचा पाठलाग केला.

लायगो दिशा काढतं ते वेलाच्याच युक्तीनं. लहर एका ठिकाणी आधी पोचते, दुसऱ्या ठिकाणी काही मिलिसेकंदांनी. दोन यंत्रं असली तर आकाशात एक अख्खं कडं मिळतं, त्या कड्यावर कुठंही. तिसरं आलं की कडी एकमेकांना छेदतात. आणि यंत्रं जितकी लांब लांब, तितका वेळेतला फरक मोठा आणि जागा नेमकी. अमेरिका, इटली, जपान झालं, पण या बाजूला हिंदी महासागराच्या पट्ट्यात काहीच नाही. औंढ्याची चार-चार किलोमीटरची दोन बोगद्यांसारखी लांब अंगं ही उणीव भरणार आहेत. भूकंपाचा, रहदारीचा हादरा कमी असलेली जागा हवी होती, ती आपल्या हिंगोली जिल्ह्यात मिळाली.

आता इथल्या पोराचं. नोकऱ्या किती निघतील यावर मी बोलणार नाही. पण फर्मीचा डेटा आजच फुकट आणि उघडा आहे. स्फोट झाल्यावर काही सेकंदांत जीसीएन नावाच्या जाळ्यावरून सगळ्या जगाला एकच सूचना जाते, तिथं हार्वर्ड वेगळं आणि सेलू वेगळं नाही. आमच्या कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन या संगणकाच्या भाषेत या स्फोटांचे आलेख निघतात. औंढ्याचं यंत्र चालू होईल तेव्हा ज्याला हा डेटा वाचता येत असेल तो गेटच्या आत असेल, म्हणून मला पोरांना आत्ताच हात लावू द्यायचाय. कपाटाचं कुलूप काढायला कुणाच्या परवानगीची वाट बघत बसलो तर दहा वर्षं जातील.

नांदेडी

सर, पटलं. आमच्या गावातल्या शाळेत येऊन एकदा दाखवाल का हे? प्रोजेक्टर मी आणतो, लाईटची सोय जनरेटरची करतो.

सेलूकर

येतो. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर ठेवा. मेसेज करतो.

सराफा_बीड

एक शंका. सोनं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत तयार होतं म्हणतात. दुकानात रोज हातातून जातं म्हणून विचारतो, हे मोजलेलं आहे की अंदाज?

जिंतूरची_लेक

काका, २०१७ च्या टकरीनंतर जो उजेड दिसला (त्याला किलोनोवा म्हणतात) तो ज्या पद्धतीनं निळ्याचा लाल होत विझत गेला त्यावरून जड मूलद्रव्यं मोठ्या प्रमाणात बनली हे कळलं. जड मूलद्रव्यांतली स्ट्राँशियमची खूण त्या प्रकाशात नंतर ओळखता आली. सोन्याची स्वतःची अशी सुटी खूण मात्र तिथं पकडलेली नाही, ते हिशोबातून येतं.

दुसरं उदाहरण ७ मार्च २०२३ चं. तो स्फोट तेजात कोजागिरीच्याच खालोखाल. आम्हाला शिकवतात की दोन सेकंदांपेक्षा लहान स्फोट टकरीचे आणि मोठे स्फोट प्रचंड तारा कोसळल्याचे. हा चांगला अर्ध्या मिनिटाच्या वर लांबला आणि तरी मागं किलोनोवा निघाला! म्हणजे नुसत्या वेळेवरून जात ठरवायची पद्धत आता पुरत नाही. जेम्स वेब दुर्बिणीला त्या उजेडात टेल्युरियमची खूण मिळाली.

उदगीरी

थांबा थांबा ताई, टेल्युरियम? ॲस्ट्रोसॅटचे डिटेक्टर कॅडमियम झिंक टेल्युराइडचेच आहेत. म्हणजे बहुधा कधीकाळच्या असल्याच टकरींतून आलेलं टेल्युरियम खाणीतून काढून, त्याचे तुकडे करून आपण वर पाठवलंय, आणि ते नव्या टकरी मोजतंय. हे मी इतकी वर्षं डिटेक्टरवर वाचतोय, कधी डोक्यात आलं नव्हतं.

लातूर_पॅटर्न

सर तुम्ही सांगितलं तसं १७ ऑगस्ट २०१७ चा फर्मीचा डेटा उतरवला, पायथनमध्ये उघडलासुद्धा. पण स्फोट दिसतच नाही, नुसती वरखाली रेघ. बाराही डिटेक्टरांची बेरीज केली आणि सगळी ऊर्जा घेतली, काय राहिलं

सेलूकर

शाब्बास, उघडलास हेच मोठं आहे. बाराची बेरीज करू नकोस, ज्यांचं तोंड स्फोटाकडं नव्हतं ते फक्त पार्श्वभूमीचा गोंगाट वाढवतात. १, २ आणि ५ क्रमांकाचे तीनच डिटेक्टर घे (गणती शून्यापासून आहे, ध्यानात ठेव). ऊर्जा ५० ते ३०० केईव्ही एवढीच ठेव. वेळेचे कप्पे फार बारीक केलेस तर एकेका कप्प्यात मोजकेच फोटॉन येतात आणि सगळं दातेरी दिसतं, पाव सेकंदाचा कप्पा करून बघ. ट्रिगरच्या (यंत्रानं स्फोट ओळखला तो शून्य क्षण) आधीची दहा आणि नंतरची वीस सेकंद एवढाच तुकडा काढ. शून्याच्या जरा आधीपासून अर्ध्या-पाऊण सेकंदाचा उंचवटा दिसेल. तो दिसला की तीच ओळ १० ते ५० केईव्हीला चालव, मागं एक मंद शेपूट आहे ती सापडते का ते सांग, आणि आलेख इथं टाक.

लातूर_पॅटर्न

दिसला सर!! उंचवटा दिसला. शेपटीचं करायलोय, लाईट गेली होती मध्ये, आता आली. आलेख रात्री टाकतो.